पलीकडे कोणी नाही

१

वर्ना पिलबीमने गुडघा बदलून घेतला आणि तेवढ्या आठ आठवड्यांत तिचं चित्र दुसऱ्या बाईने पळवलं.

पळवलं म्हणजे भिंतीवरून उतरवून नेलं असं नव्हे. चित्र आपलं जागच्या जागी होतं, पोर्ट सेसिलच्या कलादालनात, तिसऱ्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर. पण तिथल्या गाईड मंडळींचा एक जुना दंडक होता. ज्या चित्रावर ज्याने पहिलं टिपण लिहिलं, ते चित्र त्याचं. दुसऱ्याला त्यावर बोलायचं असेल तर आधी त्याला विचारायचं. ही सगळी निवृत्त, हौशी माणसं. पगार नाही, भत्ता नाही, वर्षाकाठी एक जेवण आणि छातीवर एक निळा बिल्ला. मग भांडायचं तरी कशावरून? चित्रांवरून. मेंढ्यांच्या एका चित्रापायी दोन म्हाताऱ्यांनी असं वैर धरलं होतं, की एक गेला तेव्हा दुसरा अंत्यविधीला आला खरा, पण पूर्ण वेळ शवपेटीकडे पाठ करून बसला. पाहिलेली माणसं अजून आहेत.

वर्नाचं चित्र म्हणजे ‘पूल, काम चालू’. एल्सा क्रोम नावाच्या बाईने नव्वद वर्षांपूर्वी काढलेलं. पुरात गावातल्या पुलाचा मधला भाग वाहून गेला होता, तो पुन्हा बांधताना तिने रंगवला. खरा पूल केव्हाच पुरा झाला. वर्ना रोज त्याच्यावरूनच गाडी चालवत यायची. चित्रातला मात्र अर्धाच. पुलाचं अलीकडचं टोक डाव्या कोपऱ्यात, अगदी चौकटीला टेकलेलं. तिथून तो तिरका वर चढत उजवीकडे धुक्यात शिरतो आणि मध्ये ही एवढी फट.

चौदा वर्षं वर्ना चित्राच्या उजव्या बाजूला उभी राहून तेच सांगत आली होती.

“सात कामगार आहेत. सातही जणांची आपल्याकडे पाठ. पूल मध्येच तुटलाय. आता पलीकडे बघा. धुकं आहे, दोन धुराडी आहेत. माणूस? पलीकडे कोणी नाही. मग हा पूल बांधताहेत तो कोणासाठी?”

इथे ती मनात चार अंक मोजेपर्यंत थांबायची. मग ती म्हणायची, “आता प्रश्न. हात वर केल्याशिवाय कोणी बोलायचं नाही.” पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, सवय जाते कुठे!

हे सगळं चित्राकडे न बघता. गाईडचा पहिला धडाच तो. पाठ चित्राला, तोंड लोकांना. उजवा हात नुसता मागे न्यायचा आणि बोट बरोबर धुराड्यांवर टेकायचं, वीतभर अंतर राखून. नव्या मंडळींना हे बघायला मुद्दाम बोलवत. चौदा वर्षांत तिने ते चित्र नीट पाहिलं किती वेळा, हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी तिनेच गाईडांच्या प्रमुखबाईला फोनवर मोठ्या मनाने परवानगी दिली होती. “सांग की त्या नव्या मुलीला, बोल म्हणावं. कोणीतरी बोलायला हवंच.” मोठं मन दाखवताना समोरचा माणूस आपल्यापेक्षा बरा निघेल असं थोडंच धरलेलं असतं?

२

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका मंगळवारी ती काठी टेकत परत आली. गाईडांच्या खोलीत हीटर घरघरत होता. टेबलावर लॅमिंग्टन, म्हणजे नारळाचा कीस लावलेले केकचे चौकोन, होते आणि टेबलामागे ती होती, तमसिन रूक. पस्तिशीची, मोकळ्या केसांची. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. वर्नाला पहिला राग आला तो त्याचाच.

“या ना वर्ना, बसा. पाय वर घ्या. हे घ्या, मीच केलेत.”

“गोड बंद केलंय मी,” वर्ना म्हणाली. केलेलं नव्हतं.

गाईडांची प्रमुख ग्लेनिस दुसरा लॅमिंग्टन संपवत होती. “अगं वर्ना, हिने तुझं चित्र काय उचलून धरलंय! मागच्या मंगळवारी बावीस माणसं. तुझ्या वेळी किती असायची गं?”

“माझ्या वेळी ऐकणारी असायची.”

“हिचं वेगळंच. ही सांगत नाही, विचारते. तुम्हाला काय दिसतं, म्हणते.”

“म्हणजे सांगायचं लोकांनी आणि बिल्ला हिच्या छातीवर!”

ग्लेनिस हसली. तमसिनही हसली, आणि खरंच हसली, हे त्याहून वाईट.

अकराच्या फेरीला वर्ना मुद्दाम मागे जाऊन उभी राहिली. सव्वीस माणसं. तिने दोनदा मोजली. तमसिन उभी होती चित्राच्या डाव्या बाजूला, पुलाच्या अलीकडच्या टोकाशी. आता ही काय उभं राहायची जागा झाली? पण लोक कसे, चुलीभोवती बसल्यासारखे जवळ सरकलेले.

“काय दिसतं तुम्हाला?” तमसिनने विचारलं.

पुढच्या एका जाड्या गृहस्थाने बोट केलं. “तो पलीकडचा माणूस. कोणाची वाट बघतोय तो?”

“हो, आम्हीही तेच म्हणत होतो,” दोघी-तिघी म्हणाल्या.

“पलीकडे कोणी नाही,” वर्ना मागून मोठ्याने म्हणाली. हात वर न करता.

सव्वीस माना वळल्या. मग हळूहळू चित्राकडे परतल्या. वर्नानेही, बऱ्याच वर्षांनी, चित्राकडे पाहिलं.

धुराड्यांच्या खाली, जिथे तुटलेला पूल पलीकडच्या काठाला लागतो तिथे, कोणीतरी उभं होतं. नखाएवढं. काळा लांब कोट, डोक्याला काही नाही. सात कामगारांची आपल्याकडे पाठ आणि त्या एकट्याचं तोंड आपल्याकडे.

३

वर्नाची बुद्धी काही लेचीपेची नव्हती. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर ती चष्मा पुसून चित्रासमोर उभी राहिली आणि स्वतःशी वाद घालू लागली. माशीची घाण असेल. पण माशीच्या घाणीला खांदे नसतात. वरचा रंग उडून खालचं काही दिसायला लागलं असेल. असं होतं, जुन्या चित्रांत होतं. क्रोमबाईंनी आधी माणूस काढला, मग पुसला, आता तो वर आला. झालं. यात भ्यायचं काय?

खालच्या दुकानात या चित्राची पोस्टकार्डं मिळत. तिने एक आणलं आणि चौकटीशेजारी धरलं. कार्डावर पलीकडे कोणी नव्हतं. तिला केवढं बरं वाटलं! म्हणजे चौदा वर्षं ती खोटं बोलत नव्हती.

मग तिचं लक्ष फटीकडे गेलं. कार्डावर फटीत नदी दिसत होती, नदीत एक होडकं दिसत होतं. चित्रात होडकं अर्धंच होतं. उरलेल्या अर्ध्यावर फळ्या आल्या होत्या. नव्या, पिवळ्या फळ्या.

छपाईत कडा कापल्या जातात, तिने स्वतःला सांगितलं. कडा कापल्या जातात हे खरं, पण चित्राच्या मधोमध?

“मोजू नका, मिसेस पिलबीम,” मागून आवाज आला.

तिसऱ्या खोलीचा पहारेकरी सिओने. मूळचा टोंगा बेटांवरचा, पन्नाशीचा, दारात मावणार नाही एवढा. त्याची खुर्ची पूर्वी चित्रासमोर खिडकीखाली असायची. आता ती दाराच्या आड होती, भिंतीकडे तोंड करून.

“खुर्ची का हलवली तुम्ही?”

“वारा लागतो.”

“खिडकी तर बंद आहे.”

“खिडकीचा नाही लागत,” सिओने म्हणाला. जरा थांबून म्हणाला, “सोमवारी काम बंद असतं बघा. आपल्याला सुट्टी, त्यांनाही सुट्टी. मंगळवारी पुन्हा ठोकाठोकी सुरू.”

“कसली ठोकाठोकी?”

तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. वर्नाने कान दिला. खोलीत हीटरची घरघर होती, खालच्या मजल्यावर कपबशा वाजत होत्या. त्या दोन्हींच्या खाली, फार लांबून, कोणी लाकडात खिळा मारतंय असं काहीतरी होतं. किंवा नळातली हवा. जुन्या इमारतींत नळ वाजतात.

तिला भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या पोटात आणखी एक काटा होता आणि तोच जास्त टोचत होता. चौदा वर्षं ती इथे उभी राहिली, पावसात आली, ताप अंगावर काढून आली. तेव्हा हा गृहस्थ आला नाही. ती लॅमिंग्टनवाली आली आणि लगेच आला. शिवाय तो बघत होता तो नक्की कुठे, हे वर्नाने काठीने रेघ धरून पाहिलं. उजवीकडे, जिथे ती उभी राहायची, तिकडे नाही. डावीकडे, पुलाच्या टोकाशी, जिथे तमसिन उभी राहते तिकडे.

४

पुढच्या तीन आठवड्यांत माणसं सव्वीसची चाळीस झाली. वर्ना रोज जाऊन मागे उभी राहायची. तमसिनला दाद द्यायला नव्हे, मोजायला. होडकं दिसेनासं झालं. तो काळा कोटवाला काठावरून पुलावर आला, मग फटीच्या अगदी कडेला. आता नखाएवढा नव्हता, बोटाएवढा होता. कामगार सातच होते, पण पूर्वी वाकलेले दोघे आता बाजूला सरून उभे होते, वाट द्यायला उभं राहतात तसे.

तमसिन चेहऱ्याने उतरत चालली होती. लॅमिंग्टन बंद झाले. एका गुरुवारी तिने वर्नाला कपाटापाशी गाठलं.

“वर्ना, तुमचं चित्र परत घ्या. मला नको.”

“का बरं? चांगले चाळीस-चाळीस लोक येतात की.”

“तो माझ्याकडे बघतो.”

आता हे वाक्य त्या मुलीच्या तोंडून कसं निघालं असेल बघा. ओठ पांढरे पडलेले. पण वर्नाच्या कानात शिरेपर्यंत त्याची फुशारकी झाली.

“तुझ्याकडेच का गं बघेल?”

“मला काय माहीत! मी नुसतं विचारलं हो लोकांना, काय दिसतं म्हणून. पहिल्या दिवशी एक बाई म्हणाली, पलीकडे कोणी आहे का? मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय का? ती म्हणाली, आता दिसतंय.” तमसिनने वर्नाचा हात धरला. बर्फासारखे हात. “दोन फळ्या राहिल्यात. आपण दोघी ग्लेनिसकडे जाऊ. चित्र खाली तळघरात ठेवा म्हणू. टिपण तुमच्या नावावर आहे, तुमच्या सहीशिवाय ती ऐकणार नाही. एक सही करा, वर्ना, पाया पडते.”

वर्नाने हात सोडवून घेतला. तळघरात! रविवारी चित्राची नव्वदी होती. त्या दिवशीचं भाषण ध्वनिमुद्रित होणार होतं आणि पुढे कायम, जो कोणी त्या चित्रासमोर उभा राहून कानाला यंत्र लावेल त्याला तोच आवाज ऐकू येणार होता. वर्नाला मूल नव्हतं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. आपण गेल्यावरही पोर्ट सेसिलमध्ये आपला आवाज कोणाच्या तरी कानात राहील, हे ती हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या ठरवून बसली होती. आणि ग्लेनिसने ते भाषण कोणाला दिलं होतं? हिला!

“सही मी करणार नाही,” वर्ना म्हणाली. “तुला झेपत नसेल तर भाषण सोड. मी करते.”

“तुम्ही?” तमसिन तिच्याकडे बघत राहिली. “बरं. पण डावीकडे उभ्या राहू नका. तुमच्या जागेवर, उजवीकडे राहा. एवढं ऐका माझं.”

हे ती बोलली नसती तर कदाचित वर्ना आपल्या नेहमीच्या जागीच उभी राहिली असती. पण आता तिला कळलं. जागा राखून ठेवतेय! भाषण देते आणि बघणारा मात्र स्वतःकडे ठेवते.

“बघू,” वर्ना म्हणाली.

५

रविवारी दुपारी दोन वाजता तिसऱ्या खोलीत साठ खुर्च्या भरल्या आणि मागे लोक उभे राहिले. उन्हं खिडकीतून थेट चित्रावर आली होती. वर्नाने निळा झगा घातला होता, त्यावर बिल्ला. ग्लेनिसने तिच्या गळ्याशी छोटा माइक लावला. “बाई, आज जपून हं. खोकलीस तरी जन्मभर राहील.” सिओनेची खुर्ची दाराआड नव्हती. खुर्चीही नव्हती आणि सिओनेही नव्हता.

सगळ्यात मागे, दाराला धरून, तमसिन उभी होती.

वर्ना चित्राकडे गेली. उजवीकडे नाही. काठी टेकत ती सरळ डावीकडे गेली आणि पुलाच्या टोकाशी, चौकटीला खांदा लागेल इतकी जवळ, उभी राहिली. वळताना तिने चित्राकडे पाहिलं नाही. गाईडने पाहायचं नसतं. पण वळता वळता डोळ्यांच्या कोपऱ्यात एवढं आलंच, की फट नव्हती. पूल पुरा होता.

पाठ चित्राला, तोंड लोकांना.

“सात कामगार आहेत,” तिने सुरुवात केली. आवाज छान लागला होता. “सातही जणांची आपल्याकडे पाठ.”

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने भुवया उंचावल्या, पण हात वर केला नाही. ठोकाठोकी थांबलेली होती. वर्नाला ती इतके दिवस ऐकू येत होती हे ती थांबल्यावर कळलं.

“आता पलीकडे बघा. धुकं आहे, दोन धुराडी आहेत. माणूस?” ती थांबली. “पलीकडे कोणी नाही.”

साठ माना हलल्या. हो, हो. कोणी नाही. एकानेही बोट केलं नाही, कोणी हटकलं नाही. जाडा गृहस्थ आजही आला होता. तोही चष्मा वर करून बघून म्हणाला, “खरंय बाईंचं. पलीकडे आता कोणी नाही.”

वर्नाला असं भरून आलं म्हणून सांगू! चौदा वर्षं खरी ठरली. तिने मागे तमसिनकडे पाहिलं, ऐकलंस ना, अशा नजरेने. तमसिन चित्राकडे बघत नव्हती. ती वर्नाकडे बघत होती आणि तिने तोंडावर हात दाबून धरला होता.

मग वर्नाला दिसलं की लोकांचे डोळे हलताहेत. सगळ्यांचे, एकदम, सावकाश. आगगाडी लांबून येताना फलाटावरची माणसं बघतात तसे. चित्राच्या उजव्या कडेकडून मध्याकडे. मध्यावरून खाली, डावीकडे. नव्या फळ्यांवर पावलं वाजावीत तसं काहीतरी झालं. एक, मग एक, घाई नसलेलं. मागच्या बाजूने ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास आला आणि नदीवर पहाटे लागतो तसला गारठा तिच्या डाव्या खांद्यावर बसला.

डोळे आणखी डावीकडे आले. चौकटीपर्यंत आले. चौकटीपाशी थांबतील असं वर्नाला वाटलं. पण ते थांबले नाहीत.

आता खोलीतले सगळे डोळे तिच्या बाजूला होते. चाळीसही नव्हेत, साठ माणसांचे. तमसिनला कधी मिळाले नव्हते एवढे. तिच्या छातीत भीती होती, पण खोटं कशाला बोला, भीतीच्याही वर, सायीसारखं, दुसरंच काहीतरी तरंगत होतं. माझ्याकडे. शेवटी माझ्याकडे.

तिची मान वळू लागली. तिने ती आवरली. लोकांना पाठ दाखवायची नसते आणि सगळं ध्वनिमुद्रित होत होतं.

“मग हा पूल बांधताहेत,” ती म्हणाली, “तो कोणासाठी?”

एक, दोन, तीन, चार. खोलीत हीटरसुद्धा वाजत नव्हता.

“आता प्रश्न,” वर्ना म्हणाली. आवाज जरा चिरकला, तेवढा राहणार होता. “हात वर केल्याशिवाय कोणी बोलायचं नाही.”

कोणी हात वर केला नाही. पहिल्या रांगेत लोकरी टोपी घातलेली एक आजीबाई होती, कानाने जरा कमी, चेहऱ्याने फार गोड. ती पुढे वाकली आणि हलक्या आवाजात, वर्नाला ओशाळं वाटू नये अशा बेताने म्हणाली,

“अहो बाई, ते तुमच्या मागे उभे आहेत ना, त्यांनी केव्हाचा हात वर केलाय.”